चलान आलंय, माल यायचाय

आमच्या घरात एके काळी वाचनालय होतं, व्यायामशाळा होती, आरोग्य उपकेंद्र होतं, महिला उद्योग केंद्र होतं आणि नळपाणी योजनाही होती. घर मात्र वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं, बदलापूरच्या कुळगावातलं, आणि तेही भाड्याचं; खाली घरमालक राहायचे. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पहिल्यांदा ते बघायला गेले तेव्हा घरमालक ओटीवरूनच म्हणाले, "चपला व्यायामशाळेवर काढा, आणि वाचनालयावर बसा. चहा टाकतो." मी नवऱ्याकडे बघितलं. भाडं इतकं कमी का सांगितलं असेल, ते मला तेव्हा समजल्यासारखं वाटलं.

व्यायामशाळा म्हणजे दारातली पायरी होती आणि वाचनालय म्हणजे ओटीवरचा कट्टा. दोन्ही कोनशिला होत्या. आमच्याकडे कुठल्याही सरकारी योजनेचं भूमिपूजन झालं की आधी एक कोनशिला बसते. काळा नाहीतर पांढरा दगड, त्यावर सोनेरी अक्षरांत कामाचं नाव, योजनेचं नाव, मग 'शुभहस्ते', मग 'प्रमुख उपस्थिती', मग 'विशेष उपस्थिती'. एवढी मंडळी उपस्थित असूनही पुढे काम काही होत नाही. वर्षा-दोन वर्षांनी त्या जागेवर कुणाची तरी बिल्डिंग उभी राहते आणि कोनशिला डेब्रिजच्या ढिगात जाते. आमचे घरमालक ती तिथून उचलून आणायचे आणि घरात कुठेतरी सिमेंटात पक्की बसवायचे. चोरतात असं कुणी म्हटलं तर त्यांना फार लागायचं. "ताब्यात घेतो" हा त्यांचा शब्द होता.

काकांनी, म्हणजे या घरमालकांनी, अंबरनाथच्या एका कारखान्यात अख्खी नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली होती. कारखान्यात माल येतो तेव्हा सोबत चलान येतं, काय आणि किती पाठवलंय ते सांगणारा कागद. कधी कधी चलान आधी येतं आणि माल मागून. अशा वेळी स्टोअरकीपरनं चलान जपून ठेवायचं, माल आला की जुळवून घ्यायचं आणि मग हातातून सोडायचं. हा एवढा एक धडा काकांनी आयुष्यभर पुरवला. कोनशिला म्हणजे त्यांच्या लेखी चलान होतं. दगडावर हात थोपटून ते म्हणायचे, "चलान आलंय, माल यायचाय. माल आला का चलान परत. आपला नुसता ताबा."

ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा टवाळी करतोय. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटलं आणि मी भरपूर हसून घेतलं. पण ते टवाळी करत नव्हते. माल येणार यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. मला वाटतं, अख्ख्या बदलापुरात सरकारवर एवढा भरवसा असलेला तो एकच माणूस होता, आणि लोक त्यालाच वेडा म्हणायचे.

त्या घरात राहायचं म्हणजे भाषा बदलून घ्यावी लागायची. माझा स्वयंपाकाचा ओटा महिला उद्योग केंद्राचा होता. तिथे उभी राहून मी पोळ्या लाटायचे तेव्हा काका खालून विचारायचे, "केंद्र चालू झालं का?" कांदे आरोग्य उपकेंद्रावर सुकत घातलेले असायचे. न्हाणीत नळपाणी योजनेचा दगड होता, आणि काकांचं म्हणणं, त्या योजनेला पाणी मिळालं ते आमच्याकडेच. माझी सासू पहिल्यांदा राहायला आली तेव्हा नवरा तिला सहज म्हणाला, "आई, तुझा चष्मा वाचनालयात राहिलाय." सासूबाई पदर खोचून निघाल्या आणि स्टेशनपर्यंत वाचनालय शोधत गेल्या. परत आल्यावर आमच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

काकांचे नियमही होते. दगडाची अक्षरं कायम वर हवीत. पाय पडला तरी चालेल, पण झाकलं गेलेलं चालणार नाही. मात्र संडासाच्या उंबऱ्याला त्यांनी कोनशिला कधी लावली नाही. नवऱ्यानं एकदा गमतीत सुचवलं तर ते गंभीर झाले. "नाय. त्यांना पण आया असतात," म्हणाले.

भूमिपूजन कुठेही असो, काका जायचे. पांढरा इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री आणि खिशात मेजरिंग टेप. पुढची भाषणं रंगात आली की हे मागच्या मागे जाऊन कोनशिलेची लांबी-रुंदी मोजून यायचे. एकदा एका पुढाऱ्यानं भाषण संपवून मंचावरून उतरताना त्यांना टेप लावताना पकडलं.

"काका, इंजिनीअर का?" त्यानं कौतुकानं विचारलं.

"नाय साहेब. आमच्या माजघरात बसते का बघतोय. दोन वर्षांनी ताब्यात घ्यायची हाय."

पुढारी मोठ्यानं हसला. पुढाऱ्यांना आपल्यावरचा विनोद फार उशिरा कळतो आणि तो कळेपर्यंत त्यांची गाडी निघालेली असते.

एकदा मात्र माल आलासुद्धा. सोनिवलीच्या रस्त्याला बसथांब्याची एक शेड झाली, जिची कोनशिला आमच्या तुळशीपुढे कित्येक वर्षं रांगोळीला उपयोगी पडत होती. बातमी कळली तसे काका छिन्नी घेऊन बसले. दगड सोडवला, हातगाडीवर घातला, भर उन्हात ढकलत नेला आणि स्वतः सिमेंट कालवून शेडला बसवून आले. आता तिथे नव्या पुढाऱ्याची नवी कोनशिला आधीच होती. एका शेडला दोन शुभहस्ते झाले. संध्याकाळी दोन्हीकडची माणसं आमच्या दारात भांडायला आली. काकांनी सगळ्यांना वाचनालयावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "माल एक हाय, चलानं दोन. म्हणजे एक डुप्लिकेट हाय. कुठलं ते तुमी ठरवा, मी रिटायर झालो."

त्या शेडला बस अजून थांबत नाही. मी तसं म्हटलं तर काका म्हणाले, "बस त्या चलानात नव्हती, सूनबाई."

या सगळ्यांत एक दगड वेगळा होता. मागच्या दारी, गटाराच्या पलीकडे, माझा धुण्याचा. काळा, जाड. 'साकव बांधकाम' एवढीच अक्षरं त्यावर धड राहिली होती. बाकीची मंडळी माझ्या ब्रशनं आणि साबणानं हळूहळू नाहीशी केली होती. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल, माणसं जातील आणि फार तर एखादी मोटारसायकल. हा साकव व्हायचा होता वांगणीच्या पुढे, काकांच्या वाडीच्या ओढ्यावर. पहिलं भूमिपूजन झालं आणि त्याच पावसात ओढ्यानं साकवाची कोनशिला चौथऱ्यासकट नेली. काकांना ती खालच्या अंगाला बंधाऱ्यात अडकलेली सापडली. त्यांनी ताब्यात घेतलेला हा पहिला दगड. नंतर त्याच साकवाचं भूमिपूजन पुन्हा पुन्हा झालं, कधी डोंगराळ भागाच्या विकासातून, कधी आदिवासी भागाच्या, एकदा तर महानगराच्याही. ओढा एकच होता, पण प्रत्येक योजनेला तो नव्यानं सापडायचा.

त्या ओढ्यापलीकडे काकांची थोरली बहीण राहायची, एकटी. काका तिला बाय म्हणायचे, म्हणून आम्हीही बाय म्हणायला लागलो. काका लहान असताना शाळा ओढ्याच्या अलीकडच्या काठाला होती. पावसात पाणी चढलं की बाय त्यांना खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायची, शाळेच्या दारात उतरवायची आणि परत फिरायची. ती स्वतः काही शाळेत गेली नाही. "मी शिकलो तो बायच्या खांद्यावर बसून," असं काका म्हणायचे आणि लगेच उठून काहीतरी काम काढायचे. आता बायचे गुडघे गेले होते. ओढा भरला की ती पलीकडे अडकून पडायची. ना दवाखाना, ना रेशन. मागे एका पावसात तर ती ओढ्यातच पडली. झाडाच्या मुळीला धरून राहिली म्हणून वाचली.

तेव्हापासून काका तिच्या मागे लागले होते, कुळगावला येऊन राहा म्हणून. ती चार दिवस यायची, महिला उद्योग केंद्रावर माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि पाचव्या दिवशी पिशवी भरायची.

"मना नाय करमत इथं," म्हणायची. "माझ्या कोंबड्या हायेत, भात हाय. साकव होऊ दे, मग येत जाईन, जात जाईन."

बाय आहे तोवर साकव व्हावा, एवढंच काकांना हवं होतं. बाकीचे सगळे दगड त्या एका दगडाला सोबत म्हणून आणलेले असावेत.

आणि मग एका थंडीत सरकार स्वतः आमच्या घरी आलं. सरकार म्हणजे ठेक्यावर लागलेला एक तरुण इंजिनीअर, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, चेहरा रडवेला. योजनांच्या कोनशिलांचे फोटो काढून पाठवायचे असं त्याला काम दिलं होतं. फोटो काढला की तो कुठल्या जागेवर काढला ते मोबाइल आपोआप नोंदवत होता, त्यामुळे घरी बसून काम उरकायची सोय नव्हती.

"काका, दोन दिवस नुसता फिरतोय मी. एकपण कोनशिला जागेवर नाय भेटली. पानवाला बोलला, तुमच्याकडे सगळ्या आहेत."

काकांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. एवढ्या वर्षांत चलानं तपासायला कुणीतरी आलं होतं. त्यांनी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्याला घरभर फिरवला. "हे आरोग्य उपकेंद्र. थांबा, कांदे बाजूला करतो. हे महिला उद्योग केंद्र, चालू हालतीत हाय." पोरगा फोटो काढायचा आणि मोबाइलात बघून दर वेळी एकच प्रश्न विचारायचा.

"कोनशिला पक्की बसवलीय का तात्पुरती?"

काका दुखावले. "तात्पुरती? अरे, मी स्वतः सिमेंट कालवलंय. हलवून बघ." त्यानं हलवून बघितली. हलली नाही. "लिही पक्की. सगळ्यांना पक्की लिही," काका म्हणाले.

शेवटी ते दोघं मागच्या दारी आले. मी नवऱ्याचं बनियन घासत बसले होते. उठू का म्हणून विचारलं, तर पोरगा म्हणाला, "बसा ना मॅडम. लाभार्थी फोटोत आलेलं चांगलं असतं." जाताना तो काकांच्या पाया पडला. म्हणाला, तुमच्यामुळे नोकरी वाचली.

होळीच्या सुमाराला वाडीहून निरोप आला की यंदा साकवाचा नंबर लागणार, तालुक्याच्या ऑफिसात नाव वर आलंय. काकांनी लगेच छिन्नी काढून तेल लावून ठेवली. साकव झाला की धुण्याचा दगड सोडवून तिकडे न्यायचा होता. मला म्हणाले, "सूनबाई, तुला दुसरा दगड बघायला लागंल." मी म्हटलं, मी बादलीत धुवीन. ऑफिसला जाताना त्यांनी मलाही नेलं, चांगल्या कामाला घरची बाई सोबत असावी म्हणून.

तिथले साहेब चांगले होते, हे मुद्दाम सांगते, कारण वाईट साहेब असता तर राग काढायला तरी कुणी मिळालं असतं. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, "काका, तुमचा साकव झालाय."

"कुठं?"

"हा काय."

स्क्रीनवर मी होते. हातात नवऱ्याचं बनियन, पुढ्यात साबणाचा फेस आणि फेसातून वर आलेलं 'साकव बांधकाम'. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: काम पूर्ण. कोनशिला पक्की असेल तर काम पूर्ण झालं असं धरायचं, असा त्या मोबाइलमधल्या अ‍ॅपचा हिशेब होता. साहेबांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"साहेब, हा धुण्याचा दगड हाय," काका म्हणाले.

"मला दिसतंय हो काका. सिस्टिमला दिसत नाही."

"आन आमची वाडी वांगणीच्या पुढं. ही जागा कुळगावात हाय."

"तेही मला दिसतंय. पण पूर्ण झालेलं काम परत मंजूर होत नाही. आणि पूर्णवरून मागे यायचं बटण दिलेलं नाही." साहेब थोडे पुढे वाकले. "असं करा, दुरुस्ती मागा. नवीन कामाला निधी नसतो, दुरुस्तीला यंदा पडून आहे. साकवाचं नुकसान झालं म्हणून एक फोटो टाकू. मात्र फोटो त्याच जागेवरून पाहिजे."

आम्ही रिक्षानं परत आलो. उतरताना काका म्हणाले, "पक्की लिही, असं मीच बोललो ना." मला त्यांच्याकडे बघवेना. ज्या माणसाला सगळं गाव वेडा म्हणत होतं, त्यानं सरकारवर विश्वास ठेवून आपल्याच बहिणीचा साकव पुरा करून टाकला होता. मला सरकारचा राग आला, त्या पोराचा आला आणि माझ्या नवऱ्याच्या बनियनचाही आला.

नुकसान दाखवायचं म्हणजे दगड फोडायला हवा होता. ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो, त्यामुळे बायही येऊ शकली. काकांनी घण उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "माल यायच्या आधी चलान फाडायचं? नोकरीत कवा केलं नाय," म्हणाले आणि घण हातात घेऊन तसेच उभे राहिले. बाय गुडघ्यावर हात ठेवत पुढे झाली.

"आण इकडं. दगड हाय तो, माझा भाऊ नाय," ती म्हणाली आणि तिनं घाव घातला. दुसऱ्या घावाला दगड मधोमध फुटला. साकव एका बाजूला, बांधकाम दुसऱ्या बाजूला.

दुरुस्ती इतक्या लवकर मंजूर झाली की आम्हालाच संशय यायला हवा होता. एका सकाळी मागच्या दारी रेती पडली, खडी पडली, सळया आल्या आणि त्यांच्यामागून उल्हासनगरचा सिंधी ठेकेदार आला.

"काका, साकव किधर है?"

"वांगणीच्या पुढं. चला, दाखवतो."

"लोकेशन तो ये ही दिखाता है." त्यानं मोबाइल दाखवला. "दुरुस्ती का काम है ना? फिर पुराना साकव?"

काकांनी दगडाचे दोन तुकडे दाखवले आणि सगळी हकिकत सांगितली. ठेकेदार रेतीच्या ढिगावर बसून पोट धरून हसला. मग काका हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं आणि तो रेतीवरून उठला.

"फोटो इथला काढ आन माल तिकडं टाक," काका हात जोडून म्हणाले. मी त्यांना कुणापुढे हात जोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"साईं, हात मत जोडो. तीन फोटो लागतात. सुरुवातीचा, मधला, शेवटचा. शेवटच्या फोटोत साकव दिसला पाहिजे, आणि या जागेवरच दिसला पाहिजे. तिकडे बनवला तर माझं बिल पास होणार नाही, पुढचं काम पण नाही भेटणार." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "एक शब्द देतो काका. चोरी नाही करणार. जेवढा माल मंजूर आहे तेवढा सगळा लावतो. मजबूत बनवून देतो."

आणि त्यानं शब्द पाळला, हेच तर दुःख. मागचं दार आणि धुण्याची जागा यांच्यामध्ये जे गटार होतं, कोंबडीनं उडी मारून ओलांडावं एवढं, त्यावर साकव उभा राहिला. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, वर सळयांचा स्लॅब, लोखंडी कठडे, कठड्यांना पिवळे-काळे पट्टे. ठेकेदारानं स्लॅबवर उड्या मारून दाखवल्या. "ट्रक जाएगा काका, ट्रक!" ट्रक आमच्या बोळात शिरत नाही, हा भाग वेगळा.

लोकार्पणाला पुढारी आले. त्यांना त्या दिवशी आणखी बरेच कार्यक्रम होते. इकडे तिकडे बघून त्यांनी "ओढा कुठे आहे?" म्हणून हळूच विचारलं. कार्यकर्त्यानं कानात काहीतरी सांगितलं. मग त्यांनी भाषणात सांगितलं की या साकवामुळे दोन गावं जवळ आली. पाठपुरावा करणारे ज्येष्ठ नागरिक म्हणून काकांना शाल आणि नारळ दिला. फीत कापली. मग कुणाला तरी आठवलं की पहिला मान लाभार्थ्याचा, आणि त्यांनी बायला पुढे केलं.

बायनं कठड्याला हात लावला. हळूहळू चालत ती साकवावरून माझ्या धुण्याच्या जागेपर्यंत गेली. तिथे जरा थांबली. वळली आणि तशीच परत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती काकांपुढे येऊन उभी राहिली.

"ब्येस झालाय. गुडघ्याला काय लागत नाय," ती म्हणाली. "माझ्याकडं ओढा हाय न तुझ्याकडं साकव. आता दोघांतला काय कुठं न्यायचा, तेवढं साहेबांना इचारून घे."

पुढारी गेल्यावर ठेकेदार नवी कोनशिला घेऊन आला आणि कुठे बसवू म्हणाला. काका म्हणाले, "तुला पायजे तिथं बसव. माझा ताबा संपला." चलान, माल, यातला एकही शब्द त्यांनी त्या दिवसापासून काढला नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मी मुद्दाम ओट्यावर लाटणं आपटून "केंद्र चालू झालं हो" म्हणायचे. ते नुसती मान हलवायचे.

पावसाच्या आधी एका दुपारी ते घराची किल्ली घेऊन वर आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री, हातात ट्रंक.

"बाय बोलली होती, साकव झाला का येते," ते म्हणाले. "साकव झाला. ती काय येत नाय. मग मी जातो. ओढा भरायच्या आत पलीकडं पोचलेला बरा."

"काका, या वयात? तिथं तुम्हीसुद्धा अडकाल."

"अडकू की. दोघं मिळून अडकू." मग पायरीवरून वळून म्हणाले, "आरोग्य उपकेंद्रावर कांद्यांचं वजन जास्त घालू नको. तडा गेलाय त्याला."

श्रावणात त्यांचा फोन आला. वाडीच्या मागे टेकडीवर चढलं की रेंज मिळते, तिथून. प्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या आणि ओढा काही उतरत नव्हता. आम्ही दोघं रविवारी गोळ्या घेऊन गेलो. वांगणीहून रिक्षा, मग चिखलाची पायवाट, मग ओढा. मी तो पहिल्यांदाच भरलेला पाहिला. लाल पाणी, दोन्ही काठ बुडालेले, आणि आवाज एवढा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. या पाण्यातून एक पोरगी भावाला खांद्यावर घेऊन जात होती, हे तिथे उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं ते नुसतं ऐकलं होतं.

पलीकडे काका उभे होते. छत्री बायच्या डोक्यावर धरलेली, स्वतः भिजत. आम्हाला बघून त्यांनी हात हलवला आणि तोंडाला दोन्ही हात लावायला म्हणून छत्री बायकडे दिली.

"या की!" ते ओरडले. "साकवावरून या!"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"साकवावरून! भिऊ नका! पूर्ण हाय तो! पक्का हाय!"

बायनं त्यांच्या दंडावर चापट मारली. ते हसत होते. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना बघत होते, आणि मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाणी हसून झाल्यावरही थांबलं नाही.

नवऱ्यानं गोळ्यांची प्लास्टिकची पिशवी एका दगडाला घट्ट बांधली, दोन पावलं मागे गेला आणि सगळा जोर लावून फेकली. पाण्याच्या वरून जाऊन ती पलीकडच्या चिखलात पडली. बाय वाकायच्या आत काकांनी उचलली. पिशवी सोडली, गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर काढून एकेक उलटसुलट करून बघितली, जशा कारखान्यात बघत असतील. बांधलेला दगड निरखून ओढ्यात टाकून दिला. मग पट्ट्या धरलेला हात उंच केला आणि ओढ्याच्या आवाजावरून ओरडले, "माल पोचला! चलान नको!"